मोबाईल नेटवर्कमागचे शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आरएफवाला. म्हणजे कोणत्या टॉवरचा सिग्नल कुठपर्यंत पोचतो हे गाडीत लॅपटॉप आणि टेस्ट फोन घेऊन मोजत फिरायचं, हे माझं काम. सोसायटीतले लोक, नातेवाईक, इंजिनिअरिंगची मुलं सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. जिथे विषय मोठा आहे तिथे उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

मोबाईलचा शोध नक्की कोणी लावला?

क्विझमधे उत्तर असतं मार्टिन कूपर. मोटोरोलाच्या या माणसाने ३ एप्रिल १९७३ ला न्यूयॉर्कमधे रस्त्यावर उभं राहून हातातल्या फोनवरून कॉल लावला, आणि तोसुद्धा बेल लॅब्सच्या (अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था) जोएल एंगलला, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याला. फोनचं वजन किलोभराच्या वर होतं. हे सगळं खरंच आहे, पण ती गोष्ट हँडसेटची झाली. तो फोन ज्याच्या जोरावर चालतो ते नेटवर्क कुणा एकाचं नाही, आणि त्यात ज्यांनी डोकं घातलं त्यांची नावं कुणाला माहीतच नसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. खाली शक्य तिथे नावं घेतोय ती त्यासाठीच.

मग नेटवर्कची मूळ आयडिया काय होती?

१९४६ मधे अमेरिकेत सेंट लुईस शहरात गाडीतल्या फोनची सेवा सुरू झाली. शहरात एक उंच टॉवर, त्यावर दणदणीत पॉवरचा ट्रान्समीटर, आणि चॅनेल अगदी मोजके. एकाने कॉल लावला की ते चॅनेल अख्ख्या शहरासाठी आणि आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यासाठी अडकलं, दुसऱ्याने वाट बघायची. ही अडचण पुढे कितीतरी वर्षं तशीच राहिली. १९७६ च्या सुमाराला न्यूयॉर्कसारख्या शहरात १२ चॅनेल, पाच-साडेपाचशे ग्राहक आणि वेटिंग लिस्टवर हजारो लोक अशी परिस्थिती होती.

यावरचा उपाय मात्र डिसेंबर १९४७ मधेच कागदावर आला होता. बेल लॅब्सच्या डग्लस रिंगने ऑफिसातल्या ऑफिसात एक मेमो लिहिला, त्यात त्याचा सहकारी रे यंग याचाही हात होता. म्हणणं असं की एक मोठा टॉवर नको, शहराचे छोटे छोटे भाग पाडा, प्रत्येक भागाला कमी पॉवरचा टॉवर द्या आणि तीच फ्रिक्वेन्सी थोडं अंतर सोडून पुन्हा पुन्हा वापरा. हे भाग म्हणजेच सेल. नकाशावर ते षटकोनी काढतात कारण षटकोन एकमेकांना चिकटून बसतात, मधे फट राहत नाही, आणि वर्तुळाच्या बऱ्यापैकी जवळ जातात. प्रत्यक्षात एकही सेल षटकोनी नसतो बरं का, डोंगर, बिल्डिंगा, झाडं यातून वाट्टेल तो आकार तयार होतो.

आकडे घालून बघा म्हणजे पटेल. समजा तुमच्याकडे ७० चॅनेल आहेत. एकच टॉवर असेल तर एकावेळी ७० कॉल, विषय संपला. आता ७ सेलचा एक गट करा, प्रत्येक सेलला १० चॅनेल, आणि शहरात असे १० गट बसवा. सेल झाले ७०, आणि कॉल एकावेळी ७००. फ्रिक्वेन्सी एक हर्ट्झनेही वाढलेली नाही. गर्दी वाढली की सेल आणखी लहान करायचे. आज दादरला किंवा लक्ष्मी रोडला एका हाकेच्या अंतरावर दोन-तीन साइट, म्हणजे टॉवर, दिसतात त्यामागे हाच हिशोब आहे.

१९४७ ची आयडिया होती तर सेवा यायला १९८३ का उजाडलं?

दोन गोष्टी अडल्या होत्या. एक म्हणजे स्पेक्ट्रम, म्हणजे वापरायला मिळणाऱ्या फ्रिक्वेन्सी, त्या वाटून देणं अमेरिकेच्या एफसीसी या सरकारी संस्थेच्या हातात, आणि त्यांनी टीव्हीला झुकतं माप दिलं होतं. १९६८ ला विषय पुन्हा उघडला, मग बेल लॅब्समधे रिचर्ड फ्रेंकिएल, जोएल एंगल, फिलिप पोर्टर या मंडळींनी पूर्ण सिस्टिमचा आराखडा केला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच तयार नव्हतं. फोनने शेकडो चॅनेलमधून सांगाल त्या चॅनेलवर क्षणात उडी मारायची, आणि एक्स्चेंजने हजारो चालत्या गाड्यांचा हिशोब ठेवायचा, हे व्हॅक्यूम ट्यूबच्या काळात होणारच नव्हतं. मायक्रोप्रोसेसर आले तेव्हा जमलं. शिकागोत १९७८ ला चाचणी आणि १३ ऑक्टोबर १९८३ ला व्यावसायिक सेवा.

पण पहिला नंबर अमेरिकेचा नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जपानच्या एनटीटी या टेलिफोन कंपनीने टोकियोत डिसेंबर १९७९ मधेच सेल्युलर कारफोन सुरू केला होता, आणि नॉर्डिक देशांची एनएमटी सिस्टिम १९८१ ला आली.

आणि हे एकदाच झालेलं नाही. या क्षेत्रात गणित आधी येतं आणि ते चालवू शकेल अशी स्वस्त चिप २०-३० वर्षांनी येते, खाली तुम्हाला हे परत परत दिसेल.

गाडी ८० च्या स्पीडने चाललीये, टॉवर बदलतात, तरी कॉल तुटत कसा नाही?

याला हँडओव्हर म्हणतात, अमेरिकेत हँडऑफ. कॉल चालू असतानाच एका सेलमधून दुसऱ्यात सोपवण्याच्या पद्धतीचं पेटंट बेल लॅब्सच्या एमोस जोएलला १९७२ मधे मिळालं. तो मुळात एक्स्चेंजच्या स्विचिंगचा माणूस होता, रेडिओचा नाही, आणि मला वाटतं म्हणूनच त्याला हे सुचलं.

आता जवळून बघा. द्रुतगती मार्गाने लोणावळ्याहून खाली उतरताना माझ्या लॅपटॉपवर दोन रेषा पळत असतात, चालू सेलची आणि शेजारच्या सेलची. चालू सेल उणे ९५ डीबीएमकडे घसरतोय (डीबीएम आणि डीबी ही सिग्नलच्या जोराची मापं, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर) आणि शेजारचा वर येतोय. नुसता वर आला म्हणून लगेच उडी मारायची नसते. समजा ३ डीबीने जास्त पाहिजे आणि तेवढा जास्त काही मिलिसेकंद टिकला पाहिजे, असं सेटिंग ठेवतात. ही मोकळीक कमी ठेवली तर वळणावळणावर फोन दोन सेलमधे इकडून तिकडे नाचतो, जास्त ठेवली तर जुन्या सेलला धरून बसतो आणि बोगद्याच्या तोंडाशी कॉल पडतो. घाटातल्या प्रत्येक वळणासाठी हा आकडा हाताने जुळवणारे लोक आहेत. सीडीएमए (हे तंत्र खाली येईलच) आणि थ्रीजीत तर फोन एकाच वेळी दोन-तीन सेलशी बोलतो, आधी नवा धरतो मग जुना सोडतो.

जीएसएम कुठून आलं?

जीएसएम म्हणजे टूजीचं डिजिटल तंत्र, ते आलं युरोपातून. प्रत्येक देशाची वेगळी ॲनालॉग सिस्टिम, बॉर्डर ओलांडली की फोन बंद, म्हणून १९८२ ला समिती बसली, १९८७ ला १३ देशांनी कोपनहेगनमधे करार केला आणि १ जुलै १९९१ ला फिनलंडमधे पहिला कॉल झाला. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला तो याच तंत्रावर. जीएसएमची खरी करामत म्हणजे सगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळतील असे जोड ठरवून देणं, आणि सिम कार्ड.

समुद्रात बोटीवर सिग्नल दाखवायचा पण कॉल लागायचा नाही, असं का?

हा प्रश्न मला कोकणातल्या मासेमारी करणाऱ्या लोकांनी टूजीच्या काळात बऱ्याचदा विचारलाय आणि उत्तर फार सुंदर आहे. जीएसएममधे एका फ्रिक्वेन्सीवर आठ जण आळीपाळीने बोलतात, प्रत्येकाला साधारण ०.५७७ मिलिसेकंदाचा स्लॉट. लांबच्या फोनचा सिग्नल पोचायला जास्त वेळ लागतो, मग तो पुढच्या माणसाच्या स्लॉटमधे घुसेल. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सांगतो, की तू इतका लवकर पाठव. यासाठी ० ते ६३ असा आकडा असतो आणि एक पायरी म्हणजे सुमारे ५५० मीटर. ६३ ला गुणा, साधारण ३५ किलोमीटर. त्यापुढे सिग्नल कितीही स्वच्छ येऊ दे, आणि समुद्रावर मधे अडथळा नसल्याने तो येतोच, पण फोनला अजून लवकर पाठव असं सांगायला आकडाच शिल्लक नाही. पुढे किनाऱ्यावरच्या साइटसाठी दोन स्लॉट एकाला देऊन रेंज वाढवायची सोय निघाली.

मराठी एसएमएस इतक्यात का संपायचा?

एसएमएसला जागा मिळाली ती नेटवर्कच्या आपसातल्या निरोपांच्या चॅनेलमधे, आणि तिथे एका मेसेजला १४० बाइट. इंग्रजी अक्षर ७ बिटात बसवलं म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे १६ बिट, म्हणून फक्त ७०. त्यात काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं, 'शुभेच्छा' हा एकच शब्द ८ चिन्हं खातो. दिवाळीचा चार ओळींचा मेसेज तीन मेसेजच्या पैशात का जायचा ते आता कळलं असेल. मराठी माणसाने मराठी इंग्रजी लिपीत टाइप करायची सवय लावून घेतली त्याला हे एक मोठं कारण आहे असं माझं मत.

मोबाईलचं तंत्र हॉलिवूडच्या नटीने शोधलं, खरं का?

अर्धं. हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना १९४२ ला फ्रिक्वेन्सी सतत बदलत ठेवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं, पाणतीराला दिलेला रेडिओ संदेश शत्रूला जॅम करता येऊ नये म्हणून. डोकं जबरदस्त होतं आणि तिला श्रेय उशिरा मिळालं. पण सीडीएमए त्या पद्धतीने चालत नाही, ब्लूटूथ त्याच्या जास्त जवळ आहे. फॉरवर्ड करताना एवढं लक्षात ठेवा.

सीडीएमएत काय वेगळं होतं? ते रिलायन्सचे फोन आठवतात.

त्यात सगळे एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात, प्रत्येकाचा कोड वेगळा, आणि रिसीव्हर कोडवरून आपला माणूस ओळखतो. तोवर सगळ्यांना वाटायचं हे कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात चालणार नाही, कारण टॉवरजवळचा फोन लांबच्याला दाबून टाकणार. मिरवणुकीत डीजेशेजारी उभं राहिल्यावर लांबून कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही, तसंच. क्वालकॉमच्या अर्विन जेकब्ज, अँड्र्यू विटर्बी यांच्या टीमने यावर उपाय केला: टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा सांगतो, पॉवर वाढव, कमी कर. १९८९ ला त्यांनी सॅन डिएगोत हे चालवून दाखवलं. थ्रीजीत हाच आकडा १५०० झाला. आपल्याकडे २००३ च्या आसपास घरोघरी आलेले सीडीएमए फोन यावरच चालायचे.

वारीत, गणपतीत टॉवर फुल दाखवतो, तरी फोन लागत नाही. का?

कारण त्या काड्या टॉवरचा आवाज किती मोठा येतोय एवढंच सांगतात, आत जागा आहे की नाही ते सांगत नाहीत.

फोन लावताना तुमच्या हँडसेटला आधी टॉवरला कळवावं लागतं की मला चॅनेल पाहिजे. तोवर तुमच्यासाठी वेळ ठरलेली नसते, त्यामुळे हा छोटा निरोप अंदाजाने सोडून द्यायचा. दोघांनी एकदम सोडला की दोन्ही वाया, मग थोडं थांबून परत. ही पद्धत नॉर्मन अब्रामसन यांच्या टीमने हवाई विद्यापीठात १९७१ ला बेटं रेडिओने जोडताना वापरली, नाव अलोहा. त्यातलं गणित सांगतं की वेळेचे कप्पे पाडूनसुद्धा जास्तीत जास्त ३७ टक्के कप्पेच कामी येतात, आणि त्यापुढे लोक वाढत गेले की यशस्वी निरोप उलटे कमी होत जातात. म्हणजे लालबागच्या गर्दीत फोन लागत नाही म्हणून प्रत्येकजण परत परत डायल करतो आणि त्यानेच सगळ्यांचं अडतं. अशा वेळी दोन मिनिटं थांबून साधा एसएमएस टाका, त्याला जागा कमी लागते, तो जायची शक्यता जास्त. मोठ्या गर्दीसाठी कंपन्या चाकावरचे टॉवर आणून लावतात ते सेल लहान करायला, म्हणजे परत रिंगचीच १९४७ ची आयडिया.

फोरजी-फाइव्हजीचा स्पीड आला कुठून? आणि यात पुण्याचं नाव का घेतात?

या प्रश्नाची मी वाटच बघत असतो.

एक ॲन्टेना पाठवतो, एक घेतो, इतकंच असेल तर एका चॅनेलमधून किती डेटा जाईल याची मर्यादा क्लॉड शॅननने १९४८ लाच घालून दिली. शहरात तर सिग्नल भिंतींवर आपटून दहा वाटांनी येतो आणि इंजिनिअर वर्षानुवर्षं त्याला वैतागले होते. मायमो तंत्राने उलटा विचार केला: दोन्हीकडे अनेक ॲन्टेना लावा, एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळा डेटा पाठवा, आणि आपटून येणाऱ्या वाटा वेगवेगळ्या आहेत याचाच फायदा घेऊन रिसीव्हरमधे गणिताने ते वेगळे करा. चार-चार ॲन्टेना असतील तर चांगल्या परिस्थितीत चौपटीपर्यंत. स्पेक्ट्रम तेवढाच.

याचं मूळ पेटंट स्टॅनफर्डमधून १९९२ ला दाखल झालं, १९९४ ला मिळालं, आणि त्यावर दोन नावं आहेत, आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलथ. कैलथ यांचा जन्म १९३५ चा, पुण्यातला, घर मल्याळी. शाळा सेंट व्हिन्सेंट, आणि इंजिनिअरिंग आपल्या सीओईपीतून, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून, १९५६ ची बॅच. तिथून एमआयटी, मग स्टॅनफर्ड. पॉलराज तमिळनाडूतल्या पोल्लाचीचे, नौदलातले अधिकारी, त्यांचं इंजिनिअरिंग लोणावळ्याच्या नौदल कॉलेजातलं, पुढे त्यांनी आपल्या युद्धनौकांसाठी 'अपसोह' सोनार उभा केला. पाण्याखालचे आवाज अनेक सेन्सरने पकडून वेगळे करणं आणि हवेतले रेडिओ सिग्नल अनेक ॲन्टेनांनी वेगळे करणं, यातलं गणित एकाच घराण्यातलं आहे.

म्हणजे तुमच्या फोरजी, फाइव्हजी आणि वायफाय राउटरमधे जे तंत्र बसलंय त्याच्या पहिल्या पेटंटवरचे दोघेही पुणे जिल्ह्यात इंजिनिअर झालेले. पॉलराज यांना २०१४ ला मार्कोनी प्राइझ मिळालं. बेल लॅब्समधे जेरार्ड फोशिनी आणि एम्रे तेलातार यांनी नव्वदच्या दशकात या विषयाचा भक्कम पाया घातला हेही सांगायला हवं, श्रेय वाटलं गेलेलं आहे. पण सीओईपीच्या किती मुलांना कैलथ हे नाव माहीत आहे ते एकदा विचारून बघा, आणि नसेल माहीत तर सांगा.

डेटा हवेतून येताना खराब होतो, मग फोटो नीट कसा येतो?

पाठवताना त्यात हुशारीने जास्तीचे बिट मिसळतात, रिसीव्हर त्यावरून चुका दुरुस्त करतो. १९९३ ला जिनिव्हाच्या परिषदेत फ्रान्सच्या क्लॉड बेरू आणि सहकाऱ्यांनी टर्बो कोड मांडले, शॅननच्या मर्यादेच्या इतके जवळ जाणारे की सुरुवातीला तज्ज्ञांना आकडे चुकलेत असंच वाटलं. थ्रीजी-फोरजी त्यावर चाललं. फाइव्हजीत डेटासाठी एलडीपीसी कोड आहेत, ते एमआयटीच्या रॉबर्ट गॅलगरने १९६० च्या प्रबंधात दिले होते आणि गणन फार जड म्हणून तीसेक वर्षं जवळपास विसरले गेले. कंट्रोल चॅनेलला, म्हणजे नेटवर्कच्या सूचना जातात त्या चॅनेलला, पोलर कोड आहेत, ते तुर्कस्तानच्या एर्दाल अरिकान यांचे, २००९ चे. आणि अरिकान हे गॅलगर यांचेच विद्यार्थी. फोन एकच, त्यात गुरूचा कोड आणि शिष्याचाही.

फोरजीचा पाया असलेलं ओएफडीएम, म्हणजे डेटा अनेक बारीक फ्रिक्वेन्सींवर वाटून पाठवण्याची पद्धत, तसंच, बेल लॅब्सच्या रॉबर्ट चँगचं १९६६ चं काम, फोरजीचं पहिलं नेटवर्क मात्र स्टॉकहोम आणि ऑस्लोत डिसेंबर २००९ ला.

जगदीशचंद्र बोस यांचा फाइव्हजीशी संबंध जोडतात ते खरं?

संबंध आहे, पण फॉरवर्डमधे येतो तसा नाही. बोस यांनी कलकत्त्यात १८९५ ला रेडिओ लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली, आणि त्यांच्या प्रयोगात ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी होत्या, म्हणजे सुमारे ६० गिगाहर्ट्झ. तागाचे पीळ दिलेले तंतू वापरून त्यांनी या लहरींचं ध्रुवीकरण फिरवून दाखवलं. भारतात २०२२ ला फाइव्हजीसाठी २६ गिगाहर्ट्झचा लिलाव झाला तो साधारण याच पट्ट्याच्या शेजारचा. त्यांनी फाइव्हजी शोधलं नाही. मात्र ज्या लहरींत बाकी जगाने कितीतरी दशकं फारसा रस घेतला नाही, त्यांची उपकरणं त्यांनी स्वतः बनवली होती.

भारतात या विषयात काही काम झालं का?

झालंय. नव्वदच्या दशकात आयआयटी मद्रासच्या अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने कॉरडेक्ट केलं, तारेशिवाय गावात टेलिफोन आणि सोबत इंटरनेट. नंतर फाइव्हजीच्या वेळी आपल्या आयआयटी आणि टीएसडीएसआय या दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या भारतीय संस्थेने मोठ्या ग्रामीण सेलचा मुद्दा लावून धरला. आपल्याकडे गावं लांब लांब, टॉवर ६ किलोमीटरवर एक, लोक पायी किंवा सायकलवर, तर अशा ठिकाणी सेलच्या कडेला सिग्नल पोचेल अशी सोय पाहिजे. त्यातून 'फाइव्हजीआय' हे आपलं मानक झालं, ते पुढे जागतिक मानकातच मिसळलं. मला हे बरोबर वाटतं, वेगळं मानक घेऊन बसलो असतो तर हँडसेट महाग पडले असते. आणि सप्टेंबर २०२५ मधे बीएसएनएलचं देशी फोरजी आलं, सीडॉट या सरकारी संस्थेचा कोअर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग), तेजस कंपनीचा टॉवरवरचा रेडिओ, टीसीएसची जोडणी.

टॉवरच्या रेडिएशनने कॅन्सर होतो का?

या लहरींत अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते, परिणाम असेल तर उष्णतेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ ला त्यांना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं, म्हणजे पुरावा मर्यादित आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. लोकांना न पटणारी गोष्ट ही की टॉवर लांब असेल तर कानाला लावलेला फोनच जास्त पॉवर सोडतो, त्यामुळे सोसायटीतला टॉवर घालवून डोक्याशी येणारं रेडिएशन कमी होईलच असं नाही. फोनचा एसएआर (SAR) आकडा, म्हणजे शरीर फोनची किती रेडिओ ऊर्जा शोषतं त्याचं माप, *#०७# दाबून बघता येतो.

खोडदला मोबाईल बंद का करायला लावतात?

तिथे, नारायणगावजवळ, जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. ती साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झ ऐकते, आणि आपला ९०० चा मोबाईल बँड बरोबर त्याच्या मधे येतो. अब्जावधी वर्षं प्रवास करून आलेला हायड्रोजनचा सिग्नल इतका क्षीण असतो की शेजारचा एक फोन त्याला पुसून टाकतो. तिथे गेलात तर फोन खरोखर बंद करा, सायलेंट नाही.

मी इंजिनिअरिंगला आहे, यात पुढे जायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जिब्रा पक्कं करा, वर जे जे आलं ते सगळं यावर उभं आहे. थ्रीजीपीपीची, म्हणजे मोबाईलची जागतिक मानकं बनवणाऱ्या संघटनेची, मानकं फुकट डाउनलोड होतात, पहिल्यांदा वाचताना डोक्यावरून जातील, पण फोन चालू केल्यापासून नेटवर्कला जोडेपर्यंत काय काय होतं एवढा एकच धागा धरून वाचा. जोडीला जीएनयू रेडिओ हे सिग्नल तपासायचं फुकट सॉफ्टवेअर शिका आणि आरटीएल-एसडीआर हा कॉम्प्युटरला लावायचा स्वस्तातला रेडिओ रिसीव्हर डोंगल घ्या, त्यात जीएसएमची २०० किलोहर्ट्झची पट्टी स्क्रीनवर डोळ्यांनी दिसते. ओपनएअरइंटरफेस आणि एसआरएसरॅन हे ओपन सोर्स प्रकल्प आहेत, त्यात अख्खं नेटवर्क कोडमधे वाचता येतं. फक्त ट्रान्समिट करायचं असेल तर कॉलेजच्या लॅबमधे, केबलने जोडून किंवा शील्ड बॉक्समधे करा, उघड्यावर लायसन्सशिवाय मोबाईल बँडमधे सिग्नल सोडणं गुन्हा आहे आणि आजूबाजूच्यांचे फोनही त्याने बंद पडतात.